तो पूल, ती भिंत: वस्तूवर जीव जडला तर त्याला काय म्हणायचं?

“याला काही शब्द आहे का?” त्या मुलाने फोनवर एवढंच विचारलं होतं.

गेल्या वर्षी दादरला आमच्या छोट्या गटात हेल्पलाइनवर बसणाऱ्या स्वयंसेवकांसाठी मराठी पुस्तिका तयार करण्याचं काम चालू होतं. भाषांतर माझ्याकडे होतं. फोन घेणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका, स्वभावाने ठाम. त्यांनी बैठकीत सांगितलं की एका मुलाचं एका वस्तूवर प्रेम आहे. छंद किंवा आवड म्हणावी तसं नाही, शरीराच्या ओढीसकट प्रेम. वस्तू कोणती ते मी इथे लिहीत नाही, कारण मुंबई कितीही मोठी असली तरी तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तो रडत नव्हता आणि उपायही विचारत नव्हता. आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, आणि असलं तर त्याला काय म्हणतात, एवढंच त्याला हवं होतं. ताईंकडे उत्तर नव्हतं. माझ्या मसुद्यात त्या जागी दोन शब्द होते: लैंगिक विकृती.

ते मीच टाइप केले होते, आणि त्या दोन शब्दांखाली मी निदान चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या हे मला त्या दिवशी कळलं. हा लेख म्हणजे तो गुंता सोडवताना जे हाती लागलं ते.

मराठीत वस्तूबद्दलच्या ओढीला शब्द कमी नाहीत. नाद लागतो, छंद जडतो, वेड लागतं, जीव जडतो. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची डिझेलवरची डबलडेकर अंधेरीत धावली, तेव्हा लोक तिला निरोप द्यायला रस्त्यावर आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हाही गळे दाटून आले. ही माया खरी असते, पण आपला विषय ती नाही. दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा होते, तीही नाही. मंगळ असलेल्या मुलीचं आधी घड्याशी लग्न लावायचा कुंभविवाह किंवा तिसऱ्या लग्नाआधी रुईच्या झाडाशी लावायचा अर्कविवाह, यांत तर ओढीचा प्रश्नच येत नाही. तिथे घडा आणि रुई संकट अंगावर घेण्यासाठी उभे केलेले असतात. हे सगळं आधी बाजूला काढायला हवं, कारण विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “आपल्याकडे तर तुळशीचंही लग्न लावतात.” लावतात, पण तुळशीला नवरी मानणं हा विधी आहे. एखाद्याला रात्री झोप न येणं आणि त्याचं कारण एक पूल असणं हा अनुभव आहे.

आता शब्दांकडे. सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द फेटिश, म्हणजे एखाद्या वस्तूबद्दलची लैंगिक ओढ.

त्याचा प्रवास लांबचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या पोर्तुगीज खलाशांनी तिथल्या लोकांच्या ताइतांना, मंतरलेल्या वस्तूंना ‘फेइतिसो’ म्हटलं. म्हणजे जादूटोण्याची वस्तू. त्याच्या मुळाशी ‘हाताने घडवलेलं’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. १७६० मध्ये शार्ल द ब्रॉस या फ्रेंच लेखकाने त्यावरून ‘फेटिशवाद’ असा शब्द केला आणि वस्तूंची पूजा करणाऱ्या धर्मांना तो लावला. त्यात त्या धर्मांबद्दलची हेटाळणी होतीच. पुढे १८८७ मध्ये आल्फ्रेद बिने यांनी तोच शब्द प्रेमाच्या संदर्भात वापरला. हे बिने म्हणजे बुद्धिमापन चाचणीमुळे आपल्याला नावाने माहीत असलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या आधी पाच वर्षं, १८८२ मध्ये, शार्को आणि मान्यां या डॉक्टरांनी पॅरिसमधल्या काही रुग्णांची हकिकत छापली होती. कुणाला बायकांची रात्रीची टोपी पाहून उत्तेजना यायची, तर कुणाला बायकांच्या बुटांचे खिळे पाहून. पुजारी जसा वस्तूत दैवत पाहतो तशी ही माणसं वस्तूत कामसुख पाहतात, अशी तुलना बिने यांनी केली.

बिने यांच्या लेखातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रेमात पडलेला प्रत्येक माणूस थोडाफार फेटिशवादी असतोच, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. कुणाला डोळे आवडतात, कुणाला आवाज, कुणाला अंगावरच्या अत्तराचा वास. म्हणजे हा शब्द जन्मला तेव्हाच त्याची एक बाजू सर्वांच्या घरात उघडत होती. पुढे डॉक्टरी पुस्तकांतून तो फिरला तेव्हा ती बाजू मिटली आणि हेटाळणी तेवढी उरली.

आज फेटिश म्हणताना तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे. पहिली, इथे वस्तू बहुधा कुठल्यातरी माणसाच्या शरीराशी जोडलेली असते: बूट, मोजे, चामडं, रबर, अंतर्वस्त्रं. दुसरी, वस्तू बदलता येते. चामड्याची ओढ असेल तर अमुक एकच जाकीट हवं असं नसतं. तिसरी आणि महत्त्वाची, त्या वस्तूला मन आहे, ती आपल्याला ओळखते, असं त्या माणसाला सहसा वाटत नाही. वस्तू दार असते, आणि दारापलीकडे बहुतेक वेळा माणूस असतो.

दुसरा शब्द पुतळ्यांचा. ग्रीक भाषेत पुतळ्याला ‘अगाल्मा’ म्हणतात, त्यावरून अगाल्मॅटोफिलिया: पुतळे, बाहुल्या, दुकानातल्या मॅनेक्विन यांच्याबद्दलचं लैंगिक आकर्षण. यालाच कधी पिग्मॅलियनचं नाव देतात. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत पिग्मॅलियन हा शिल्पकार स्वतः घडवलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि देवी तिला जिवंत करते. त्या कथेतच या प्रकाराची खूण आहे. मूर्ती जिवंत व्हावी ही त्याची इच्छा. म्हणजे हवी होती बाई, मूर्ती तिच्या जागी होती. १९१८ मध्ये ऑस्कर कोकोश्का या चित्रकाराने दुरावलेल्या प्रेयसीची, आल्मा माहलर यांची, माणसाएवढी बाहुली एका कारागीर बाईंकडून करवून घेतली. बाहुली हाती आली तेव्हा तो निराश झाला, कारण ती आल्मा नव्हती. शेवटी एका मेजवानीनंतर त्याने ती मोडून टाकली. वस्तू माणसाची जागा घेते तेव्हा तिच्यावर केवढं ओझं पडतं ते इथे दिसतं.

हल्ली यात यंत्रमानव, कृत्रिम बुद्धिमत्तेशी चालणाऱ्या प्रेमगप्पा, पडद्यावरची पात्रं यांची भर पडली आहे. नील मॅकआर्थर आणि मार्की ट्विस्ट या अभ्यासकांनी २०१७ मध्ये त्यासाठी ‘डिजिसेक्शुअ‍ॅलिटी’ हा शब्द सुचवला. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. बोलणाऱ्या, उत्तर देणाऱ्या वस्तूची गोष्टच निराळी.

आमच्या फोनवरचा मुलगा या दोन्हींत बसत नव्हता. त्याच्या वस्तूपलीकडे कुणी माणूस नव्हता, आणि ती वस्तू माणूस व्हावी असंही त्याला वाटत नव्हतं. त्याला ती आहे तशीच, तीच, हवी होती.

यासाठीचा शब्द ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी. थोडक्यात ओएस. हा शब्द कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही, ज्यांना हे होतं त्यांच्यातल्याच एकीने दिला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीत त्याचं महत्त्व सर्वाधिक आहे. एइया-रीता एक्लोफ ही उत्तर स्वीडनमधली बाई. लहानपणापासून तिला इमारती, कुंपणं, रचना यांची ओढ होती. १९७९ मध्ये तिने बर्लिनच्या भिंतीशी लग्न केलं, आणि पुढे ती आपलं आडनावच बर्लिनर-माउअर, म्हणजे बर्लिनची भिंत, असं लावत असे. सत्तरच्या दशकातच तिने स्वतःसाठी हा शब्द तयार केला होता. ९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली तेव्हा सगळं जग नाचत होतं आणि तिच्यासाठी तो नवऱ्यावरचा घाला होता. भिंतीने लाखो माणसांची ताटातूट केली हे खरंच आहे, आणि बर्लिनकरांना तिचं दुःख ऐकून काय वाटलं असेल याची मला कल्पना करता येते. पण तिच्या दुःखाची जात नवरा गेलेल्या बाईचीच होती. २०१५ मध्ये तिचं निधन झालं.

दुसरं नाव एरिका आयफेल. अमेरिकेतली ही तिरंदाज आधी आपल्या धनुष्याच्या प्रेमात होती. २००७ मध्ये तिने पॅरिसच्या आयफेल टॉवरशी मित्रमंडळींच्या साक्षीने लग्नाचा विधी केला आणि आडनाव बदललं. कायद्याने अशा लग्नाला अर्थ नाही हे तिलाही माहीत होतं. तिने ओएस असणाऱ्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, आणि जगभर एकेकट्या असलेल्या या माणसांना पहिल्यांदा एकमेकांचा पत्ता लागला.

या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. वस्तूला स्वभाव असतो, लिंग असतं, ती प्रेमाला प्रतिसाद देते, असं त्यांना जाणवतं. इथे मराठी माणसाने जरा थांबायला हवं. आपल्या भाषेत प्रत्येक वस्तूला लिंग आहेच. तो पूल, ती भिंत, ते घड्याळ. आपण दिवसभर वस्तूंना ‘आली’, ‘गेला’, ‘बिघडलं’ म्हणत असतो, आठ सतराची लोकल ‘आज रुसलीय’ म्हणतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण व्याकरणातलं लिंग आणि या लोकांना जाणवणारं लिंग यांचा संबंध सरळ नाही. जर्मनमध्ये भिंत स्त्रीलिंगी आहे, मराठीतही, तरी एक्लोफबाईंसाठी ती पुरुष होती, नवरा होती. (हे वाक्य मराठीत लिहितानाच अडखळायला होतं. नवरा ‘होती’ की ‘होता’?) उलट आयफेल टॉवरला मराठीत आपण ‘तो’ म्हणू. एरिकासाठी मात्र ती ‘ती’ आहे. म्हणजे हे लिंग भाषेतून आलेलं नाही, त्यांच्या अनुभवातून आलेलं आहे.

शास्त्राने याकडे फार उशिरा पाहिलं. एमी मार्श या अमेरिकन लैंगिकता-अभ्यासक बाईंनी २०१० मध्ये अशा २१ जणांची उत्तरं गोळा करून प्रसिद्ध केली. लहानपणी काही अत्याचार झाला असेल म्हणून माणूस वस्तूंकडे वळला, असा वर्तमानपत्री समज तेव्हा जोरात होता. त्यांना मिळालेल्या उत्तरांतून त्या समजाला सरसकट आधार मिळाला नाही. मग २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ज्युलिया सिमनर आणि सहकाऱ्यांनी ओएस असणाऱ्या ३४ जणांची ८८ इतर लोकांशी तुलना केली. ओएस गटात ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालेल्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. सिनेस्थेशियाचंही.

सिनेस्थेशिया म्हणजे एका संवेदनेसोबत दुसरी आपोआप उमटणं. कुणाला ‘क’ अक्षर लाल दिसतं, कुणाला तबल्याच्या बोलाला रंग असतो. त्याचाच एक प्रकार असा की अक्षरं, आकडे, वार यांना व्यक्तिमत्त्व असल्याचं जाणवतं: सात हा चिडका, चार ही प्रेमळ मावशी. त्या माणसाने हे ठरवलेलं नसतं, बालपणापासून ते तसंच असतं. हाच धागा वस्तूंपर्यंत गेला तर एखाद्याला पुलाचा स्वभाव तितकाच सहज ‘दिसू’ शकतो, जितका तुम्हाला-मला शेजाऱ्याचा दिसतो. यातून सगळं उलगडत नाही. प्रत्येक ओएस माणूस स्वमग्न नसतो, आणि स्वमग्न माणसांपैकी बहुसंख्यांचा या विषयाशी काही संबंध नसतो. शिवाय ३४ हा आकडा लहान आहे. पण ‘याच्या डोक्यात बिघाड आहे’ यापेक्षा ‘याच्या मेंदूची वीण वेगळी आहे’ हे वाक्य सत्याच्या जास्त जवळ जातं.

मग हा आजार आहे का? बैठकीत ताईंनी नेमका हाच प्रश्न टाकला: “भावना जपायच्या ते ठीक आहे हो, पण डॉक्टर काय म्हणतात?”

डॉक्टरांची भाषा गेल्या शंभर वर्षांत बरीच बदलली. मनोविकारतज्ज्ञांच्या १९५२ च्या अमेरिकन निदान-पुस्तकात फेटिशवाद ‘लैंगिक विचलन’ या सदरात होता, आणि त्याच यादीत समलैंगिकताही होती. समलैंगिकता १९७३ मध्ये वगळण्याचा निर्णय झाला. १९८० मध्ये ‘विचलन’ जाऊन ‘पॅराफिलिया’ आला. ‘पॅरा’ म्हणजे बाजूला, ‘फिलिया’ म्हणजे प्रेम. वाटेच्या कडेने चालणारं प्रेम. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने आणखी एक भेद केला: पॅराफिलिया असणं हा आजार नाही. तिच्यामुळे माणसाला स्वतःला खोल त्रास होत असेल, रोजचं जगणं अडत असेल, किंवा दुसऱ्या कुणाला इजा होत असेल, तरच तिला विकार म्हणायचं. फेटिशच्या बाबतीत हे निदान ‘निर्जीव वस्तू’ किंवा जननेंद्रियांखेरीज शरीराचा विशिष्ट भाग यांच्याबद्दल असतं, निदान सहा महिने ते टिकलेलं असावं लागतं, आणि लैंगिक सुखासाठीच बनवलेली साधनं त्यात मोजत नाहीत. स्वीडनने २००९ मध्येच फेटिशवाद आजारांच्या यादीतून काढला होता. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी तर या दोन्ही पुस्तकांत आजार म्हणून कधी आलीच नाही.

भारतातला कायदाही इथे कामाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातलं कलम ३ सांगतं की मानसिक आजार आहे की नाही हे मान्य वैद्यकीय निकषांवर ठरवायचं. एखाद्याचं वागणं समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांत बसत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. हे मी ताईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते कलम पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मग स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं.

आकर्षण गुन्हा नाही, पण वागणं गुन्हा असू शकतं. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले बायकांचे कपडे चोरीला जातात. तिथे चोराच्या मनात काय होतं हा दुय्यम प्रश्न. ज्या बाईचा कपडा गेला तिच्या घराची, तिच्या शरीराची हद्द ओलांडली गेली, हे पहिलं. वस्तू कुणाची, जागा कुणाची, बघणारे कोण, हे प्रश्न इथे खरे. वस्तू ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही, पण तिच्या आसपास राहणारी माणसं म्हणू शकतात.

आणि त्रासाचं म्हणाल तर ओएस माणसाला होणारा त्रास बहुतेक वेळा आपणच देतो. स्थळं आणली जातात. लग्न लावून दिलं की ‘सुटेल’ अशी घरच्यांची समजूत असते, आणि त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य ओढलं जातं. प्रेमाची वस्तू पालिकेच्या एका आदेशाने पाडली जाऊ शकते, भंगारात जाऊ शकते, आणि सुतकाला कुणी येत नाही.

हे लिहिताना मला सारखे र. धों. कर्वे आठवत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. लोकांनी लाजत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत सरळ उत्तर द्यायचं, इतकंच त्यांनी केलं होतं. आमच्या पुस्तिकेत त्याच जागी मी ‘विकृती’ लिहून मोकळा होणार होतो.

शेवटी आम्ही काय लिहिलं ते सांगतो. फेटिशला ‘फेटिश’च ठेवलं, लोकांना तो शब्द कळतो. ‘वस्तुकामुकता’ असा प्रतिशब्द मला कुणीतरी सुचवला होता, पण ‘कामुक’ म्हटलं की मराठीत लगेच नाक मुरडलं जातं, आणि या लोकांच्या अनुभवात काम कमी आणि जिव्हाळा जास्त असाही मामला असतो. ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटीसाठी ‘वस्तूकडे असलेला लैंगिक किंवा भावनिक कल’ असं लांबलचक ठेवलं. ‘लैंगिक कल’ हे शब्द समलैंगिकतेच्या संदर्भात आता मराठीत रुळले आहेत, म्हणून ते घेतले. ओएसला कल म्हणावं का यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण ज्यांना हे होतं ते त्याला कलच म्हणतात, आणि फोनवर आपण त्यांच्याशीच बोलत असतो. ‘विकृती’ सात ठिकाणी होतं. सातही ठिकाणी ताईंनी लाल पेनाने रेघ मारली. कुणाला घुसमट असह्य होत असेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक खाली दिला.

त्या पानावर एक सूचना ताईंनी स्वतः घातली आहे. फोनवर असं कुणी आलं तर वस्तूला ‘ते’ म्हणून मोकळं होऊ नये. आधी विचारावं, “तुम्ही काय म्हणता, तो का ती?” आणि पुढे पूर्ण फोन तोच शब्द वापरावा.